डबीतली तेवीस मिनिटं

१

मेलेल्या पोराच्या कानात इअरबड्स सापडले, आणि शीतगृहातल्या निम्म्या लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. वाईट सगळ्यांनाच वाटलं होतं. पण वाईट वाटणं निराळं आणि दोष कुणाचा ते ठरणं निराळं. दोष ठरला, आणि तोही मेलेल्याच्याच माथी बसला, की जिवंत माणसांना घरी जाऊन दोन घास खाता येतात.

झालं ते असं. दुपारी दोनची पाळी सुरू होऊन अर्धा तासही झाला नव्हता. उणे वीस अंशांच्या दालनात, गोठवलेल्या मटारच्या खोक्यांच्या दोन उंच रांगांमधून एक फोर्कलिफ्ट मागे येत होती. वळणावरून हातात यादी घेऊन एक पोरगा आला, आणि संपलं. पोरगा बावीस वर्षांचा. फोर्कलिफ्ट चालवणारा त्याचा सख्खा थोरला भाऊ. आणि फाटकावरच्या केबिनीत पहारेकरी म्हणून बसलेला माणूस या दोघांचा बाप. एका घरातली तीन माणसं एकाच ठिकाणी चिकटली की लोक म्हणतात, नशीबवान घर.

तीनला दहा मिनिटं असताना डॉक्टर आले. त्यांनी सगळ्यांसमोर पोराची कानटोपी काढली, तर दोन्ही कानांत बड्स. खिशात फोन आणि बड्सची रिकामी डबी. आत फोन न्यायला सक्त बंदी. तो पाळीवर येतानाच फाटकावर जमा करायचा. म्हणजे पोराने चोरून नेला, गाणी ऐकत हिंडला, मागे येणाऱ्या गाडीचा बझर त्याला ऐकू आला नाही. प्रश्न मिटला.

सहाव्या दिवशी कामगार सुरक्षा खात्याच्या निरीक्षकबाई आल्या. पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. कारखान्यांतून त्यांना माघारी 'टाचणी' म्हणत, कारण फाईल बंद होत आली की त्या हमखास कुठेतरी टोचत. आज त्या नुसती सही करायला आल्या आहेत अशी सुपरवायझरची समजूत होती. सुपरवायझरांनाही टोपणनाव होतंच, बामवाले साहेब. डोकेदुखीपायी त्यांच्या कपाळाला कायम बाम चोपडलेला असे.

"रिव्हर्सचा बझर असा वाजतो बाई, की मेलेला माणूससुद्धा उठून बाजूला होईल," ते म्हणाले, आणि म्हटल्यावर जीभ चावली. त्यांनी गाडी मागे घेऊन दाखवली. बझर वाजला. खरोखरच कानठळ्या बसल्या. बाईंनी वाकून सीटखाली पाहिलं. सगळ्या वायरींवर तेलाचा काळा थर, आणि एकाच जोडावरची चिकटपट्टी मात्र नवीकोरी.

प्रथमोपचाराच्या खोलीत कंपाउंडरने प्लास्टिकच्या पिशवीतून ती कानटोपी काढून दिली. जाड, लोकरी, कानांवरून खाली येणारी, हनुवटीशी बांधायला दोन बंद असलेली. दोन्ही बंद कात्रीने कापलेले होते. गाठ मात्र शाबूत.

"डाव्या गालावरची ती गाठ डॉक्टरांना सुटेना, म्हणून कापले," कंपाउंडर म्हणाला.

बाईंनी दारातून जाणाऱ्या एका हमालाला थांबवलं. "तुम्ही टोपीचे बंद बांधता?"

"छे हो! बाहेर आलं की घाम फुटतो, टोपी झटकन काढायची असते. एवढाले हातमोजे घालून गाठी सोडत कोण बसणार? आमचे बंद आपले लोंबतच असतात."

"धाकट्याचे?"

"त्याचे तर पार खांद्यापर्यंत लोंबायचे. आम्ही त्याला कोकरू म्हणायचो."

हमालाचे डोळे भरून आले आणि तो निघून गेला. बाई हातातल्या गाठीकडे बघत राहिल्या. गाठ दुहेरी होती, आणि चांगली आवळलेली होती.

२

"पोराला हात लावलात तेव्हा बंद बांधलेले होते?" बाईंनी कंपाउंडरला विचारलं.

"मी... नाडी बघायला मानेशी हात घातला ना, तेव्हा बंद बाजूला सारले." तो थबकला. "लोंबत होते, बाई."

"किती वाजता?"

"अडीचला एखादं मिनिट कमी असेल. त्याच्यात काही नव्हतंच. मी चादर घातली आणि डॉक्टरांना आणायला मोठ्या रस्त्यावर पळालो. परत आलो तो त्यांना घेऊनच."

म्हणजे अडीच ते दोन पन्नास या वेळात कुणीतरी ती चादर उचलली होती. बाईंनी त्या वीस मिनिटांत कोण कुठे होतं ते विचारायला घेतलं.

सुपरवायझर म्हणाले, "मी इथेच होतो. सगळं मलाच निस्तरायचं होतं."

"निस्तरायचं म्हणजे काय?"

"म्हणजे... सांभाळायचं." त्यांनी कपाळ चोळलं.

थोरला कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून होता. घरी जा म्हटलं तरी जात नव्हता आणि कामालाही लागत नव्हता. अपघात झाल्यापासून पोलीस येईपर्यंत दोन हमालांनी त्याला इथेच धरून बसवलं होतं. ते दोघंही तसंच सांगत होते.

"बझर वाजत होता?" बाईंनी विचारलं.

त्याने आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "आठ दिवस वाजत नव्हता. साहेबांना दोनदा सांगितलं होतं. पण पोलीस आले आणि बघतात तर वाजला. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं."

"हे कुणाला बोलला नाहीस?"

"बोलून काय? त्याच्या कानात ते होतं ना. मग बझर वाजला काय नि न वाजला काय. मी मागे बघितलं होतं बाई, देवाशपथ बघितलं होतं. तो वळणावरून आला. पण गाडी माझ्याच हातात होती."

बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बाहेर आल्या.

शेवटी फाटकावरचा बाप. केबीन तीन मिनिटांच्या अंतरावर होती. भिंतीला नंबर टाकलेले छोटे कप्पे, प्रत्येकात फोन ठेवायची जागा आणि चार्जिंगची वायर. दाराला कुलूप, किल्ल्या दोनच, एक बापाकडे, एक सुपरवायझरकडे. बाप ताठ बसून, पाठ केल्यासारखा बोलला.

"त्या दिवशी त्याने फोन जमा केला नाही. मी पण विचारलं नाही. पोटचं पोर म्हणून सोडलं. चूक माझी आहे, लिहून घ्या."

बाईंनी लिहून घेतलं नाही. इतक्या तत्परतेने चूक कबूल करणारा माणूस त्यांना नोकरीत फार क्वचित भेटला होता.

३

घरी आई एकटी होती. तिने बाईंना पाणी दिलं. फडताळावर एका स्टीलच्या डब्यात फोन आणि बड्स ठेवलेले. तिने डबा दाखवला, पण हात लावला नाही.

"मीच आणले होते," ती म्हणाली. "वाढदिवसाला. थोरला म्हणाला होता, आई, याला कशाला असलं काहीतरी. पण पोरगा दुकानाच्या काचेपुढे उभा राहायचा ना. म्हटलं, हौस आहे, पुरवू." तिचा आवाज कोरडा होता. "सहा दिवस झाले, मी रडले नाही. शेजारणी म्हणतात, मन मोकळं कर. कुठल्या तोंडाने करू? मीच नेऊन त्याच्या कानात मरण घातलं."

"असं म्हणू नका."

"म्हणत नाही मी कुणाला. यांनाही नाही, थोरल्यालाही नाही. तुम्हाला म्हटलं, कारण तुम्ही परक्या." ती जवळ सरकली. "एक काम करा माझं. फोनमध्ये कळतं म्हणतात. तो शेवटचं काय ऐकत होता, तेवढं मला सांगा. गाणं चांगलं होतं का."

आईने सांगितलेला नंबर दाबून बाईंनी फोन उघडला. शेवटचं गाणं त्या दिवशी दुपारी एक पन्नासला थांबलेलं होतं, पाळीच्या आधी दहा मिनिटं. त्यानंतर एकही नाही. त्यांनी पुन्हा पाहिलं. नाहीच. मात्र बड्सच्या ॲपमधून आलेली एक ओळ होती: 'तुमचे इअरबड्स अपडेट झाले. सुरुवात २:१८, पूर्ण २:४१.'

अपघात दोन सव्वीसचा.

"कळलं का?" आईने विचारलं.

"अजून नाही. हा डबा बरोबर नेते. दोन दिवस द्या."

निघताना त्यांचं लक्ष भिंतीवरच्या फोटोकडे गेलं. दोन लहान मुलं, थंडीत गुरफटलेली, डोक्यावर कानटोप्या. बंद डाव्या गालावर बांधलेले, दुहेरी गाठीने.

"डाव्या गालावर का?"

"गळ्याशी काचू नये म्हणून." आईच्या तोंडावर पहिल्यांदाच थोडी माया आली. "यांच्या हातची गाठ. अशी पक्की मारायचे की सोडताना मला दात लावायला लागायचे."

बाई जिना उतरल्या तेव्हा त्यांना स्वतःचाच राग आला होता. जिच्या हातचं पाणी प्यायल्या, तिच्याच तोंडून त्यांनी हे काढून घेतलं होतं.

४

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकापेक्षा मोडके फोन जास्त होते. दुकानदार तोंडाने अखंड चालू आणि हाताने त्याहून जास्त.

"हे अपडेट कानात घातलेलं असताना होतं का?" बाईंनी बड्स पुढे ठेवले.

"ताई, अपडेट काय माशी आहे, उडत येऊन कानात शिरायला?" तो हसला. "हे बघा. कंपनी नवा प्रोग्राम तयार करते, आपल्या सर्व्हरवर ठेवते. तो इंटरनेटवरून आधी येतो फोनमध्ये. बड्सला कुठलं आलंय इंटरनेट? ते फोनच्या जिवावर जगतात. मग फोन तो ब्लूटूथवरून बड्सला पाजतो, थेंब थेंब. म्हणून वीस-पंचवीस मिनिटं लागतात."

"आणि ते कुठे असावे लागतात?"

"डबीत. या मॉडेलला दोन्ही डबीत, झाकण बंद, डबी चार्जिंगला लावलेली, आणि फोन शेजारी. आधी उजवा घेतो, मग तो डाव्याला देतो. मध्येच एकजण उठला की पंगत मोडली. 'अपडेट अपूर्ण' म्हणून येतं आणि सगळं पहिल्यापासून."

"कुणी बटण दाबावं लागतं?"

"याच्यात आपोआपचं चालू आहे. डबी चार्जिंगला लागली, वायफाय मिळालं, की झालं सुरू. मालकाला पत्ताही नसतो."

"म्हणजे 'पूर्ण दोन एक्केचाळीस' असं लिहून आलं असेल तर?"

"तर दोन अठरापासून दोन एक्केचाळीसपर्यंत हे दोघे डबीत झोपले होते. तेवीस मिनिटं. त्यात कुणी उचलले असते तर 'पूर्ण' आलंच नसतं. कोर्टात विचारा, मी सांगेन." मग त्याने बाईंचा चेहरा पाहिला आणि आवाज खाली आणला. "कुणाचे आहेत हे?"

बाईंनी बड्स उचलून पिशवीत टाकले. पोरगा मेला तेव्हा बड्स त्याच्या कानात नव्हते. मेल्यावर पंधरा मिनिटांनीही नव्हते.

५

दुसऱ्या दिवशी बाईंनी फोर्कलिफ्टच्या मेकॅनिकला बोलावलं. त्या गाडीत एक छोटी पेटी असते. गाडीला जोराचा धक्का बसला, बॅटरी काढली, लावली, सगळं वेळेनिशी तिच्यात राहतं. मेकॅनिकने कागद काढून दिला. बाई तो घेऊन सुपरवायझरांसमोर बसल्या.

"दोन सव्वीस, धक्का. दोन एकतीस, बॅटरी तोडली. दोन शेहेचाळीस, बॅटरी जोडली. एवढा वेळ सीटखाली डोकं घालून काय करत होतात?"

साहेबांचं कपाळ बामाशिवायही चमकायला लागलं.

"बझर जोडत होतात," बाईच म्हणाल्या. "चिकटपट्टी नवी आहे. तोडलाही तुम्हीच."

"दिवसभर ते केकाटणं, बाई... डोकं फुटायची वेळ येते. आठच दिवस काढून ठेवला होता. मला काय माहीत..." ते ढसाढसा रडायला लागले. बाईंना त्यांची कीव आली नाही. चार पावलांवर पोरगा चादरीखाली पडलेला असताना या माणसाने पंधरा मिनिटं वायर जोडली होती.

"पण बड्स मी घातले नाहीत!" ते एकदम म्हणाले. "शपथ घेतो. टोपी काढल्यावर मलाच धक्का बसला."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "डबी चार्जिंगला होती, म्हणजे केबिनीच्या कप्प्यात. दोन एक्केचाळीसनंतर ती तिथून उचलायची, इथे आणायची आणि डॉक्टर यायच्या आत पोराच्या कानात घालायची. तुम्ही दोन शेहेचाळीसपर्यंत या गाडीपाशी होतात. उरली चार मिनिटं. केबिनीपर्यंत जाऊन यायला सहा लागतात. एका पापाने तुम्हाला दुसऱ्यातून सोडवलं. कंपाउंडरकडे केबिनीची किल्ली नाही. थोरल्याला दोन माणसं धरून बसली होती. आता सांगा, त्या वेळात पोराजवळ कोण गेलं होतं?"

सुपरवायझरांनी डोळे पुसले. "कुणी नाही. म्हणजे... बाप. आधी धावत आला, मग फाटक उघडायला परत गेला. पुन्हा आला आणि म्हणाला, मला पोराजवळ एकटं बसू द्या. बाई, बापाला कोण नाही म्हणणार? मी पाठ फिरवली."

६

केबिनीत बाप तसाच ताठ बसला होता. बाईंनी फोनमधली ओळ दाखवली, गाठ टेबलावर ठेवली. त्याने गाठीकडे पाहिलं, आणि त्याचा ताठा गेला.

"त्याने फोन जमा केला होता," बाई म्हणाल्या.

"रोज करायचा. सगळ्यात आधी." तो हळूहळू बोलत होता. "कुणीतरी ओरडत आलं, थोरल्याने धाकट्याला चिरडलं. मी जाऊन बघितलं. मग फाटक उघडायला इथे आलो, तर त्याच्या कप्प्यात ती डबी. वरचा दिवा लुकलुकत होता. मी नुसता बघत उभा राहिलो. मनात आलं, एक तर गेलाच. दुसऱ्याला आता बेड्या पडणार. गेलेल्याला काय लागणार आहे? दिवा लुकलुकायचा थांबला तेव्हा फोनसकट उचलली." त्याने तोंड झाकलं. "बड्स बाहेर पडतील म्हणून टोपी बांधली. गाल गार पडला होता त्याचा."

मग बाईंनी सगळं सांगितलं. आठ दिवस तोडलेला बझर, थोरल्याने दोनदा केलेली तक्रार, नवी चिकटपट्टी.

"बड्स नसते तर पहिला प्रश्न बझरचाच निघाला असता. त्या दिवशीच निघाला असता. तुम्ही थोरल्याला नाही वाचवलंत. साहेबांना वाचवलंत."

बापाचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याने दोन्ही हात जोडले. "मला न्या. पण हिला सांगू नका, बाई. तिला सोसायचं नाही."

"ती इतके दिवस काय सोसतेय, ठाऊक आहे? ते बड्स तिने आणले होते. पोराला आपण मारलं असं समजून ती जगतेय."

"ती तर काही बोलली नाही."

"तुमच्या घरात कोण कुणाला काय बोललंय?"

तो उठला.

७

बाई दारातच थांबल्या. बापाने आईला आणि थोरल्याला समोर बसवलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं, काही राखलं नाही. थोरला ऐकत होता. संपल्यावर तो इतकंच म्हणाला, "बाबा, मला एकदा विचारायचं तरी."

बाप डोळे पुसायला लागला. थोरला पुढे म्हणाला,

"तुम्हाला वाटलं, मी न बघता गाडी घातली. त्याच्या अंगावर."

"मला वाटलं, तू राहावास," बाप म्हणाला.

आईने दोघांकडेही पाहिलं नाही. ती बाईंना म्हणाली, "म्हणजे त्याच्या कानात काही नव्हतं?"

"नव्हतं. बड्स डबीत होते. त्याला सगळं नीट ऐकू येत होतं. बझरच बंद होता."

आईने ते मनातल्या मनात दोनतीनदा म्हणून पाहिलं असावं. तिचे ओठ हलत होते. मग ती नवऱ्याकडे वळली. "माझ्या गुणी पोराला मेल्यावर चोर केलंत तुम्ही. अख्खं गोदाम म्हणतंय, चोरून गाणी ऐकत होता."

"चुकलं माझं."

"ते मला नका सांगू. जिथे खोटं बोललात तिथे जाऊन सांगा. सगळ्यांसमोर. साहेबांचंही सांगा आणि स्वतःचंही."

बापाने मान हलवली. थोरला उठला, त्याने बापाच्या चपला दारापाशी सरळ करून ठेवल्या आणि स्वतःच्या चपला पायात घातल्या. "चला," तो म्हणाला, "मीही येतो. दोनदा सांगितलं होतं ते मलाही लिहून द्यायचंय."

आई बाईंच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली.

"यांना किती दिवस आत ठेवतील?"

"सांगता येत नाही. पुरावा बदललाय त्यांनी. पण मी खरं ते सगळं लिहीन, का केलं तेही."

"ठेवू दे किती ठेवायचं ते. मी भेटायला जाईन, डबा घेऊन जाईन. माझाच माणूस आहे." तिने कठडा धरला. तिचा आवाज आता फुटायला लागला होता. "पण आज मला कुणी काही विचारू नका. आज मला माझ्या पोरासाठी रडायचंय."

ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. बाप आणि थोरला खाली पोचायच्या आतच तिचा हंबरडा जिन्यात ऐकू आला. बाप थबकला, मागे वळला. बाईंनी त्याचा दंड धरला आणि म्हटलं, "नका जाऊ. रडू द्या तिला."